‘देवावर सोपवून दे’ म्हणतात. घरी आल्यावर नेमकं काय करायचं?

मोहननगरची_बाई

जय ख्रिस्त सर्वांना. इथे नेहमी वाचते, आज लिहायला बसले.

माझ्या यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालतं. मी माझी एक द्यायला तयार होते, पण मला मधुमेह आहे, त्यामुळे तपासणीतच नाही म्हणाले. नागपूरच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे दानातल्या अवयवांचं वाटप पाहणाऱ्या विभागीय केंद्राच्या यादीत त्यांचं नाव लागलेलं आहे आणि आम्ही फोनची वाट पाहतो. त्यात मे तोंडावर आला. नागपूरचा मे तुम्हाला वेगळा सांगायला नको. ज्या माणसाला दिवसभरात मोजून पाणी प्यायचं आहे, त्याच्यासमोर माठात ओगराळं बुडवताना मला चोरी केल्यासारखं होतं.

मंडळीत सगळे जीव लावतात. उपासना सुटली की बायका हात धरतात, पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि सगळ्यांच्या तोंडी एकच असतं, ‘ताई, देवावर सोपवून दे.’ कोणाच्याही मनात प्रेमाशिवाय काही नाही, हे मला कळतं.

पण सोपवायचं म्हणजे काय करायचं? सकाळी गुडघे टेकून मी सगळं त्याच्या हाती देते. शाळेत पोहोचेपर्यंत रिपोर्टमधला आकडा, विम्याचे उरलेले पैसे, मुलीची बारावी हे सगळं पुन्हा माझ्याच डोक्यात असतं. मग वाटतं माझा विश्वासच कच्चा. यजमान मात्र शांत आहेत. ‘ठेवलं तरी त्याचा, नेलं तरी त्याचा,’ एवढंच म्हणतात. त्यांच्या तोंडून ते खरं वाटतं. मी म्हणायला गेले की घशात अडकतं.

वचनं मला पाठ आहेत. ज्यांनी हे खरोखर केलं आहे त्यांनी कसं केलं, ते सांगा.

मेकोसाबागचे_काका

ताई, पहिल्यांदा एक सांगतो. सकाळी दिलेलं दुपारी परत तुमच्या हातात येतं, यावरून विश्वास कच्चा ठरत नाही.

आमच्या मेथडिस्ट परंपरेत नव्या वर्षाच्या सुरुवातीला कराराची उपासना होते. आमच्या पंथाचे जनक जॉन वेस्ली यांनी १७५५ मध्ये लंडनला ती सुरू केली, आणि त्यांनीही ती रिचर्ड अॅलीन नावाच्या सतराव्या शतकातल्या एका प्युरिटन धर्मसेवकाच्या लिखाणावरून बेतली. त्या उपासनेत सगळी मंडळी मिळून एक प्रार्थना म्हणते. तिचा अर्थ असा: मी आता माझा नाही, तुझा आहे. तुला हवं त्या कामी मला लाव, हवं त्यांच्या पंगतीत बसव. कष्ट करायला लाव किंवा सोसायला लाव. तुझ्यासाठी वापर किंवा तुझ्यासाठी बाजूला ठेव. भरलेलं ठेव, रिकामं ठेव.

मी रेल्वेत होतो. पाठीच्या दुखण्यामुळे मुदतीच्या आधी घरी बसावं लागलं. त्या जानेवारीत ‘बाजूला ठेव’ इथे माझा आवाजच निघेना. शेजारचे म्हणत होते, त्यांच्या आवाजात माझं तेवढं निभावलं. तेव्हापासून मला वाटतं, ही प्रार्थना एकट्याने म्हणायची नाही म्हणूनच मंडळीत ठेवली आहे. ज्याला जी ओळ पेलत नाही, ती दुसरा त्याच्या वतीने म्हणतो. आज तुमच्या घरात ते काम तुमचे यजमान करताहेत, असं समजा.

आणि हा करार दर वर्षी नव्याने करतात, हे लक्षात घ्या. एकदा सह्या करून फाइल बंद, असं वेस्लींनाही वाटलं नव्हतं. इस्राएली लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेलं अन्न मिळायचं, तेही त्या दिवसापुरतं. उद्यासाठी साठवलं त्यात किडे पडले, असं निर्गम १६ मध्ये आहे. प्रभूच्या प्रार्थनेतही भाकर आजचीच मागितली आहे. दुपारी परत हातात आलं तर दुपारी परत द्या. शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून द्या. देव काही वेळापत्रक घेऊन बसलेला नाही.

विश्वासाने_विजय

बहिणी, प्रभूची स्तुती असो! काकांचा मान राखून बोलतो. ‘ठेवलं तरी, नेलं तरी’ ही हरलेल्या माणसाची भाषा आहे. येशूने एकाही आजाऱ्याला ‘सहन कर’ म्हणून परत पाठवलं नाही. त्याच्या फटक्यांनी आपल्याला आरोग्य मिळालं, हे वचन आहे. आजाराला घरात जागा द्यायची नाही. तोंडाने कबुली द्या की पतीच्या किडन्या बऱ्या झाल्या आहेत. शंका एक टक्का उरली तरी आशीर्वाद अडतो. माझ्या मावशीला डॉक्टरांनी सोडून दिलं होतं, आज ती साक्ष देते. भरवसा यंत्रावर ठेवायचा की येशूवर, हे एकदा ठरवा.

धंतोलीची_सिस्टर

विजयभाऊ, तुमच्या मावशीबद्दल देवाची खरंच स्तुती. पण तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी ड्यूटीवरून आल्या आल्या लिहायला बसले, कारण अशा एका वाक्याचा शेवट मी वॉर्डात पाहिलेला आहे.

मोहननगरच्या ताई, डायलिसिसची एकही वेळ चुकवू नका. डायलिसिस थांबलं की पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. तिथे विश्वासाची परीक्षा नसते, शरीराचं ते काम आहे. सैतानाने येशूला मंदिराच्या कंगोऱ्यावर उभं करून नेमकं हेच सांगितलं होतं की उडी टाक, देवदूत झेलतील. वचनही अचूक सांगितलं होतं, स्तोत्र ९१ मधलं. येशूने उडी टाकली नाही. परमेश्वराची परीक्षा पाहू नको, म्हणाला.

हिज्कीया राजा मरायला टेकला होता. देवाने यशया संदेष्ट्याच्या तोंडून आणखी १५ वर्षांचं आयुष्य कबूल केलं. कबूल केल्यावरही यशयाने अंजिरांची ढेप आणवून गळवावर बांधायला लावली. देवाचा शब्द मिळाला होता तरी लेप बांधलाच. पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. पौलाच्या सोबतचा लूक वैद्य होता आणि कलस्सैकरांच्या पत्रात पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. आपल्या नागपुरात सीताबर्डीला म्यूर मेमोरियल उभं राहिलं ते प्रार्थना करणाऱ्याच लोकांनी उभं केलं. प्रार्थना आणि पट्टी यांत त्यांना कधी भांडण दिसलं नाही.

शंका एक टक्का उरली तर आशीर्वाद अडतो, हे तर मला शास्त्रात कुठेच सापडत नाही. मार्कच्या नवव्या अध्यायात मुलाचा बाप येशूला म्हणतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास काढून टाक.’ अर्धा विश्वास, अर्धी शंका, दोन्ही एका दमात. तरी येशूने मुलगा बरा केला. बापाची टक्केवारी काढली नाही.

तेलंगखेडी

मी ख्रिस्ती नाही, आमच्या घरी पंढरीची माळ आहे. धागा वाचून राहवलं नाही म्हणून विचारतो, गैर वाटलं तर सोडून द्या. आमच्या आजीचं वागणंही ताईंच्या यजमानांसारखंच होतं. पण माझ्या पिढीला ते कधीकधी नशिबाला शरण गेल्यासारखं वाटतं. जे व्हायचं ते होणार, मग मागायचं कशाला? तुमच्याकडे या दोन्हींत काय फरक करतात?

सेमिनरीहिल्स

तेलंगखेडीभाऊ, गैर कसलं? बरं झालं विचारलंत.

आमच्याकडे याचं उत्तर गेथशेमानेच्या बागेत आहे, जिथे येशूने क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री प्रार्थना केली. तिथे येशू ‘जे व्हायचं ते होवो’ असं म्हणत नाही. आधी तो मागतो. हा प्याला, म्हणजे पुढचं दुःख, माझ्यावरून टळू दे, हे त्याचं पहिलं मागणं. त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता, असं लूक लिहितो. मत्तय सांगतो की त्याने हे तीनदा मागितलं. इब्री लोकांस पत्रात तर त्याने मोठा आक्रोश करीत, आसवं गाळीत विनंती केली असं स्पष्ट आहे. ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे’ हे त्यानंतर येतं, आणि ते तो आपल्या बापाला म्हणतो. नशीब ऐकत नाही, त्याच्यापुढे रडून उपयोग नाही. बापापुढे रडता येतं, हट्ट करता येतो, आणि शेवटी तो आपल्याहून जास्त जाणतो असं धरून त्याच्यावर टाकता येतं.

म्हणून मागणं आधी. पहिलं वाक्य गिळून थेट दुसरं म्हणायला गेलं की ते घशात अडकणारच. ताई, तुम्ही प्याला टळू दे असं पोटभर म्हणून घेतलं आहे का? स्तोत्रसंहितेत ८८ वं स्तोत्र आहे. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही. तेही देवाच्या लोकांनी प्रार्थना म्हणून जपलं. रोज रात्री ते वाचलं तरी चालेल.

आमच्या कॅथलिक परंपरेत येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांची एक प्रार्थना आहे, प्रभू, माझं स्वातंत्र्य, स्मरणशक्ती, बुद्धी, इच्छा सगळं घे, अशी. दुसरी शार्ल द फुको या फ्रेंच धर्मगुरूंची, बापा, मी स्वतःला तुझ्या हाती सोडून देतो, या आशयाची. येशूने क्रूसावर प्राण सोडताना आपला आत्मा बापाच्या हाती सोपवला, त्या शब्दांवर केलेल्या चिंतनातून ती आली. फुको सहारात तुआरेग लोकांत राहिले आणि १ डिसेंबर १९१६ ला तामनरासेतला मारले गेले. त्यांना हवा होता तसा धर्मबंधूंचा संघ हयातीत उभा राहिला नाही. सगळं नंतर झालं. १५ मे २०२२ ला त्यांना संत घोषित केलं, त्याच समारंभात आपल्याकडचे देवसहायम पिल्लेही संत झाले. माणसाने सोपवलं आणि त्याच्या हयातीत काहीच दिसलं नाही, असंही होतं. हे मी कोणाला घाबरवायला सांगत नाही. सोपवलं की ठरलेल्या वेळी फळ मिळतं, एवढा हिशेब मात्र कोणी शिकवू नये.

मोहननगरची_बाई

सगळ्यांचे आभार. सिस्टर, डायलिसिस चुकवणार नाही. विजयभाऊ, तुम्ही मायेने लिहिलंत, मला राग नाही.

सेमिनरीहिल्सभाऊंनी विचारलं पोटभर मागितलं का. खरं उत्तर नाही. आणि का नाही, ते मी आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही.

यादीतून किडनी मिळते म्हणजे कोणाच्या तरी घरात माणूस गेलेला असतो. बहुतेक वेळा अपघात, डोक्याला मार, तरुण मुलगा. मी ‘प्रभू, लवकर किडनी मिळू दे’ म्हणायला तोंड उघडते आणि मला हायवेवर पडलेली कोणाची तरी गाडी दिसते. मग मी थांबते. दुसऱ्याच्या घरी मरण यावं अशी प्रार्थना ख्रिस्ती बाईने कशी करावी? नाही केली तर माझ्या नवऱ्यासाठी काय मागू? म्हणून मी गुळमुळीत काहीतरी म्हणते आणि उठते.

धंतोलीची_सिस्टर

ताई, याच्या प्रार्थनेच्या बाजूचं इतर सांगतील. मी दवाखान्याच्या बाजूचं सांगते, कारण तुमच्या मनावरचा अर्धा भार तिथला आहे.

तुमची प्रार्थना कोणाला मारत नाही, आणि यादीसुद्धा कोणाला मारत नाही. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे मेंदूमृत्यू ठरवायला चार डॉक्टरांचं मंडळ लागतं. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला कोणीही त्या मंडळात बसू शकत नाही. तपासण्या एकदा करून भागत नाही. किमान सहा तासांनी त्या सगळ्या पुन्हा करतात. त्यानंतरच घरच्यांना दानाबद्दल विचारायचं असतं, आणि ते नाही म्हणाले तर विषय तिथेच संपतो. म्हणजे माणूस गेलेला असतो तो त्याच्या अपघाताने किंवा आजाराने. तुमचे यजमान यादीत असोत वा नसोत, तो गेलेलाच असतो. प्रश्न त्यापुढचा आहे. त्याच्याबरोबर सगळं जाणार, की काही कोणाला मिळणार?

मी अशा घरच्यांजवळ बसले आहे. मुलाचा बाप कागदावर सही करतो तेव्हा त्याचा हात कसा चालतो, ते मला लिहिता येणार नाही. पण त्याच्यावर कोणी ते लादलेलं नसतं. तो देतो.

सेमिनरीहिल्स

सिस्टरांनी दार उघडलंच आहे, तर माझं थोडं.

ताई, मरण यावं म्हणून मागू नका. तुम्ही थांबता ते बरोबर थांबता, ती तुमची सद्सद्विवेकबुद्धी जागी आहे. त्या न पाहिलेल्या घरासाठी आधी मागा. आज रात्री हायवेवर असलेला प्रत्येक मुलगा सुखरूप घरी पोहोचू दे, असं म्हणा, आणि मनापासून म्हणा, यजमानांचा फोन त्यामुळे लांबला तरी. ते म्हणून झालं की पुढे म्हणा, तरीही कोणाच्या घरी तो दिवस आलाच, तर त्या घराला आधार दे, त्यांना देण्याचं बळ दे, आणि माझ्या माणसाची आठवण असू दे.

ही प्रार्थना फार जड आहे, मला ठाऊक आहे. तुमच्या हिताच्या विरुद्ध जाऊ शकेल असं मागणं तुम्ही आधी मागताय. माझ्या मते सोपवणं म्हणतात ते इथे घडतं. मनाला शांत वाटलं की नाही, यावर ते ठरत नाही.

काटोलवाला

ताई, मले शास्त्र जास्त येत नाई. काटोलकडं संत्र्याचा बगीचा हाय आमचा. मृग बहार घ्याचा तं उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडा लागते, ताण द्या लागते. मंग पावसाचं पाणी पडलं का फूल निंघते. पाणी तोडणं आपल्या हाती, पाऊस नाई.

एक साल पाऊस आलाच नाई. बहारही गेला अन् झाडंही वाळाले लागले. बायको रोज संध्याकाळी हबक्कूक वाचे, अंजिराचं झाड फुललं नाई, वाड्यात गुरं नाई उरले, तरी मी परमेश्वराच्या ठाई हर्ष करीन. मी तिच्यावर चिडून उठून जावो. मले काई हर्ष होत नव्हता. पण इहिरीत जेवढं पाणी होतं ते झाडं जगवाले रोज सोडलं. अन् धुऱ्यावर बसून देवाशी भांडलो. लय भांडलो. पण त्याच्याशीच भांडलो, दुसऱ्याकडं गेलो नाई. लोक म्हणते का तुझा भरोसा मोठा. मले तं राग होता. आता वाटते का तो रागही त्यालेच दिला, तेही देणंच झालं.

अर्धी झाडं वाचली, अर्धी गेली. खोटी साक्ष देत नाई.

मेकोसाबागचे_काका

काटोलवाले भाऊ, ‘अर्धी गेली’ एवढं सांगणारी साक्ष आमच्या मंडळीत उभं राहून कोणी दिली तर किती लोकांचा जीव हलका होईल! तुम्ही आमच्याकडे या एखाद्या रविवारी.

गद्दीगोदामची_लेक

वाचतेय, पटतंयही. पण एक गोष्ट कोणीच बोलत नाही म्हणून बोलते. ‘सोपवून दे’ हे बायकांना फार लवकर सांगितलं जातं.

माझ्या जवळच्या नात्यातली एक मुलगी नवऱ्याचा मार खायची. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी तिला हेच सांगितलं की समर्पण कर, देव त्याचं मन बदलेल. ती वर्षानुवर्षे प्रार्थना करत राहिली आणि हाडं मोडून घेत राहिली. शेवटी तिच्या आईने तिला घरी आणलं. मोहननगरच्या ताईंची गोष्ट वेगळी आहे, आजाराला कोणी जबाबदार नसतं. पण या धाग्यावर तिच्यासारखी कोणी वाचत असेल, तर तिने ‘सोसायला लाव’ ही काकांची ओळ वाचून घरीच बसू नये, एवढ्यासाठी लिहिते. माणसाच्या हातचा अन्याय आणि देवाच्या हातचा प्याला एकाच ताटात वाढू नका.

जुनं_नागपूर

गद्दीगोदामताईंचं म्हणणं महत्त्वाचं आहे, आणि त्याला आपल्याच इतिहासात आधार आहे.

पंडिता रमाबाईंइतका देवावर विसंबून राहिलेला माणूस मराठी ख्रिस्ती समाजात शोधून सापडणार नाही. केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो मुली असताना उद्याच्या धान्यासाठी आज प्रार्थना करायची, अशी त्यांची रीत होती. पण १८९६-९७ च्या दुष्काळात आपल्या मध्य प्रांतातल्या विधवा आणि पोरक्या मुलींची दैना ऐकली तेव्हा त्यांनी ‘देव बघेल’ म्हणून पुण्याकडे बसून प्रार्थना केली नाही. इकडे आल्या आणि मुलींना बाहेर काढून घेऊन गेल्या. त्यांच्या भरवशाने कोणत्याच बाईला जागच्या जागी सोसायला सांगितलं नाही. पुढे १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. स्वतः आजारी असताना त्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत राहिल्या, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. म्हणजे मुलींना सोडवून आणताना त्या लढल्या, आणि स्वतःची मुलगी गेली तेव्हा काम पुढे नेलं. भरवसा दोन्हीकडे तोच होता.

दुसरी गोष्ट मोहननगरच्या ताईंसाठी. यजमान शांत आहेत आणि मी नाही, असं तुम्ही लिहिलंत. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक नागपूरहून राजनांदगावला गाडीने जात असताना डब्यात त्यांना एका मिशनऱ्याने नवा करार दिला. १८९३ ची ही गोष्ट. दोन वर्षांत, १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी स्वतःला देऊन टाकलं खरं, पण त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. नवऱ्यापासून वेगळं राहणं, लोकांची बोलणी, कोवळा मुलगा सांभाळणं. टिळकांच्या विश्वासावर त्यांचा विश्वास आपोआप उगवला नाही. त्यांना त्यांचा वेळ लागला, त्यांच्या शंका होत्या, राग होता. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर. आज मराठी घरांत लक्ष्मीबाईंचं नाव टिळकांइतक्याच प्रेमाने घेतात. तेव्हा यजमानांच्या शांतीशी स्वतःची तुलना करू नका. आजारी त्यांचं शरीर आहे, तुम्ही मागे राहण्याच्या भीतीपुढे उभ्या आहात. दोघांनी सोपवायची वस्तूच वेगळी आहे.

जाता जाता, तेलंगखेडीभाऊंसाठी. टिळक स्वतःच सांगायचे की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. तुमच्या आजीची माळ आणि हा धागा तितके परके नाहीत.

तेलंगखेडी

हे माहीत नव्हतं. आभार. ताई, आमच्या घरीही तुमच्या यजमानांचं नाव घेऊन दिवा लावला जाईल, चालत असेल तर.

विश्वासाने_विजय

काल सिस्टरांचं वाचून मावशीला फोन केला. तिने सांगितलं की गोळ्या ती आजही घेते. मला ते ठाऊक नव्हतं. देव बरं करतो, हे मी अजूनही म्हणतो आणि ताईंच्या पतीसाठी तेच मागतो. पण दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायातलं पुन्हा वाचलं. शद्रख, मेशख, अबेद्‌नगो हे तीन यहुदी तरुण राजाला सांगतात, आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे. आणि लगेच म्हणतात, त्याने नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. पहिला भाग मी नेहमी सांगतो. दुसरा भागही त्याच श्वासातला आहे. ताई, तुमचे यजमान बहुतेक तिथे उभे आहेत. त्याला हरलेल्याची भाषा म्हटलं, ते शब्द मागे घेतो.

मोहननगरची_बाई

सगळं वाचलं, काही पोस्ट यजमानांनाही वाचून दाखवल्या. काटोलवाल्या भाऊंची त्यांनी परत वाचायला लावली.

काल रात्री मी प्याला टळू दे म्हणून मागितलं, अगदी मोठ्याने. मुलगी उठून आली, ती पण बसली. मग हायवेवरच्या मुलांसाठी मागितलं. ते म्हणताना ‘फोन लांबला तरी’ एवढे शब्द मला उच्चारता आले नाहीत. मुलीने म्हटले. काका, तुमचं मंडळीचं म्हणणं तेव्हा समजलं.

शांत वाटलं का, तर नाही. झोप मात्र लागली. सकाळी विम्याच्या कार्यालयात जायचं होतं, गेले, कागद दिले. रिक्षात परत सगळं डोक्यात आलं, तेव्हा रिक्षातच पुन्हा दिलं.

गद्दीगोदामताई, तुमच्या नात्यातल्या त्या मुलीसाठीही आमच्या घरी प्रार्थना होते आता. नाव नको, देवाला माहीत आहे.

सिस्टर, एक विचारायचं राहिलं. उन्हाळ्यात यांना तहान आवरत नाही. पाहुणे संत्री आणतात, नारळपाणी आणतात. बर्फ चोखला तर चालतो का?

धंतोलीची_सिस्टर

ताई, संत्री आणि नारळपाणी दोन्ही नको. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा, आपल्याकडे प्रेमाने संत्रीच आणतात. बर्फ चालतो, पण तो विरघळून पाणीच होतो, तेव्हा दिवसाच्या पाण्यात मोजा. सकाळीच दिवसभराचं ठरलेलं पाणी एका बाटलीत काढून ठेवा, त्यातूनच सगळं, गोळ्यांसोबतचं पाणीसुद्धा. किती, ते तुमच्या नेफ्रोलॉजिस्टनी सांगितलं असेल तेवढंच. मीठ कमी करा, लोणचं-पापड बंद, तहान बरीच उतरते. चूळ भरायला हरकत नाही. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन रोज एकाच वेळी करून लिहून ठेवा.

आणि यादीतला तुमचा फोन नंबर बदलला असेल तर रुग्णालयाच्या समन्वयकाला कळवून ठेवा. फोन रात्रीही येऊ शकतो, सायलेंटवर ठेवू नका.

मेकोसाबागचे_काका

ताई, डायलिसिसचे वार कोणते ते मला वैयक्तिक संदेशात कळवा. पाठ दुखते, पण बसून राहायला मला जमतं. तुम्ही शाळेत असाल तेव्हा मी त्यांच्याजवळ बसेन. आमच्या मंडळीतले आणखी दोघं तयार आहेत.